टेकडीवरची चमक

मित्रांनो, मी एक जुनी पितळी दुर्बीण आहे. एका डोळ्याने पाहायची, तीन नळ्यांची. मिटले की वीतभर, उघडले की हातभर. माझ्या मोठ्या काचेच्या कडेचा टवका उडाला आहे आणि मधली नळी ओढताना करकरते. मला कोणी हातात घेतले की मी आधी त्याचा संशय घेते. हा आता काय पाहणार? आणि जे पाहील त्याचे पुढे काय करणार? तुम्हाला हे विचित्र वाटेल. पण माझ्या आयुष्यात जे घडले ते ऐकलेत, तर माझा स्वभाव असा का झाला हे तुम्हाला कळेल.

माझा जन्म सातासमुद्रापलीकडचा. तिथले मला फारसे आठवत नाही. काच घासणाऱ्या एका म्हाताऱ्याचा खोकला तेवढा आठवतो. मग लाकडी पेटी, भुसा, जहाजाची हालचाल, आणि पेटी उघडली ती थेट वऱ्हाडात. मोजणी खात्याच्या एका साहेबाने मला मागवले होते. लांबवरची निशाणे पाहायची, वावरांचे धुरे म्हणजे शेतांचे बांध पाहायचे, हे माझे काम. साहेबाच्या हाताखाली मोजणीची साखळी धरायला किसन नावाचा एक माळी होता. बडनेरा आणि धामणगाव यांच्या मध्ये, रेल्वेच्या रुळाजवळच्या एका लहान गावात त्याची भाजीपाल्याची वाडी होती.

पाऊस सरला, जवारीला कणसे धरली, की साहेबाला एक वेगळेच वेड लागे. गावामागच्या टेकडीवर तो उत्तरेकडे तोंड करून बसे. त्या दिवसांत थंडीच्या मुलखातून शिकारी पक्षी दक्षिणेकडे जातात. ससाणे जातात, गरुड जातात, आणि पिकावरून अगदी खालून, पंख वर धरून तरंगत जाणाऱ्या भोवत्या जातात. साहेब ते सगळे मोजायचा. किसन शेजारी बसे. गंमत अशी की आकाशातला ठिपका आधी किसनला दिसे आणि मग माझ्यातून साहेबाला.

पहिले मोठे युद्ध संपल्यावर साहेब आपल्या देशी निघाला. जाताना त्याने मला किसनला दिले आणि सोबत एक चिठ्ठी लिहून दिली. 'ही दुर्बीण मी किसनला बक्षीस दिली आहे. त्याने ती चोरलेली नाही.' दुसरे वाक्य साहेबाने मुद्दाम लिहिले होते. पितळेची दुर्बीण माळ्याच्या घरी दिसली की लोक काय म्हणतील, हे त्याला ठाऊक होते.

लोक म्हणालेच. कोणी म्हणे, किसनराव जमिनीतले धन पाहतात. कोणी म्हणे, टेकडीवर बसून दुसऱ्याच्या घरात डोकावतात. विहिरीवर बायका असल्या की किसनराव मला धोतराच्या सोग्यात गुंडाळून घेत आणि मान खाली घालून टेकडी चढत. इतके सांभाळूनही ते दरवर्षी दसऱ्यापासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत टेकडीवर जात राहिले. साहेब गेला, पण मोजणी थांबली नाही.

किसनरावांना लिहिता येत नव्हते. म्हणून त्यांनी आपली एक रीत काढली. टेकडीवर जाताना कमरेला धान्याची पिशवी आणि हातात मातीचे गाडगे. भोवत्या गेली की गाडग्यात तुरीचा दाणा. ससाणा गेला की मूग. गरुड गेला की चिंचोका. आणि पक्षी ओळखू आला नाही की जवारीचा दाणा. मोसम संपला की गाडग्याचे तोंड शेणामातीने लिंपून ते घरातल्या फळीवर ठेवायचे. दर वर्षाचे एक गाडगे.

किसनरावांना मोतीबिंदू झाला तेव्हा मला वाटले, आता मी खुंटीला लटकणार. पण त्यांची सून मनकर्णा पुढे आली. तिचा नवरा सहदेव बडनेऱ्याला रुळाच्या गँगमध्ये कामाला होता. आठवड्यातून एकदा घरी येई. वाडी मनकर्णाच सांभाळी. वांगी, मिरची, झेंडू, सगळे तिच्या हातचे. पाणी देऊन झाले की ती सासऱ्यांचा हात धरून टेकडी चढे. ती माझ्यातून पाही आणि सांगे, किसनराव दाणा टाकत.

एकदा लांबून एक पक्षी गेला. मनकर्णा म्हणाली, "ससानाच असन मामाजी."

"असन का हाये?" असेल की नक्की आहे, असे किसनरावांनी विचारले.

"असन."

"मंग जवारी टाक," किसनराव म्हणाले. "पक्क्या वळखीबिगर कोनाले नाव लावू नाई."

मनकर्णाने जवारी टाकली. पण मित्रांनो, पक्ष्यांच्या बाबतीत जो नियम तिने पाळला, तो माणसांच्या बाबतीत पाळणे तिला जमले नाही. आणि त्या चुकीत माझाही हात होता.

ते बेचाळीस साल होते. दुसरे मोठे युद्ध पेटले होते. त्या ऑगस्टात ठिकठिकाणी तारा तुटल्या होत्या, रूळ उखडले होते. आमच्या गावाजवळून लष्कराच्या गाड्या जात. झाकलेल्या तोफा, खिडकीखिडकीत गोरे चेहरे. अनोळखी माणूस गावात आला की लोक बोलणे बंद करत.

त्याच उन्हाळ्यात मनकर्णाचे शेजारच्या नत्थुजीशी वाजले होते. दोन्ही वाड्यांना विहीर एकच. मोटेची पाळी कोणाची यावरून भांडण झाले. मनकर्णाची मिरचीची रोपे एक दिवस तहानली, नत्थुजीचा बैल दुसऱ्या दिवशी मोटेविना उभा राहिला. पुढे दोघेही पाळी पाळू लागले, पण बोलणे जेवढ्यास तेवढे उरले.

खंडेनवमीला घरोघरी हत्यारांची पूजा झाली. मनकर्णाने विळा, कुदळ, मोटेचे चाक धुतले आणि मलाही घेतले. चिंचेने घासले, राखेने घासले. वीस-बावीस वर्षांचा माझा काळपटपणा निघून गेला. मी सोन्यासारखी दिसू लागले. मला फार बरे वाटले. इतके बरे वाटू नये, हे तेव्हा कळले नाही.

दसऱ्यानंतरचे तीन दिवस आम्ही टेकडीवर होतो. चौथ्या दिवशी सकाळी मनकर्णा क्षितिजावरून मला हळूहळू खाली आणत होती. खाली रेल्वेचे फाटक होते. फाटकापाशी खाकी कपड्यातला एक माणूस उभा होता. त्याच्यासमोर नत्थुजी होता. आणि नत्थुजी हात उंच करून टेकडीकडे बोट दाखवत होता.

मनकर्णाचा श्वास माझ्या काचेवर आला. काच धुरकटली. तिने पदराने पुसली आणि पुन्हा पाहिले. बोट तसेच होते.

"काय दिसून राहिलं?" किसनरावांनी विचारले.

"नत्थुजी हाये. पोलिसाले इकडं बोट दाखवून राहिला."

"त्यानं रस्ता इचारला असन."

मनकर्णाने मला तिथेच रोखून धरले. मित्रांनो, मी तिला नत्थुजीच्या कपाळावरची आठीसुद्धा दाखवली. पण तो काय बोलत होता, ते मला कुठून ऐकू येणार? मी चेहरा जवळ आणते, शब्द नाही.

दुपारी पोलीस वर आले. एक फौजदार आणि हवालदार शालिकराम. फाटकापाशी उभा होता तोच हा शालिकराम. फौजदारांनी मला मनकर्णाच्या हातातून घेतले, उलटसुलट पाहिले.

"ही कोणाची?"

"माही," किसनराव म्हणाले. "साहेबानं देल्ली. चिठ्ठी हाये घरी."

सगळे घरी आले. चिठ्ठी निघाली, पण वाळवीने ती अर्धी खाल्ली होती. 'ही दुर्बीण मी किसनला' एवढेच उरले होते. पुढे बक्षीस दिली की जपायला दिली, काही कळत नव्हते. फौजदारांनी चिठ्ठी खिशात घातली. मग त्यांची नजर फळीवर गेली. तिथे तेवीस गाडगी ओळीने ठेवलेली होती.

त्यांनी एक फोडायला लावले. दाणे घोंगडीवर पसरले.

"हे काय?"

"पक्षी हायेत साहेब," किसनराव म्हणाले. "तूर म्हनजे भोवत्या. मूग म्हनजे ससाना. चिंचोका म्हनजे गरुड."

"आणि ही ज्वारी?"

"जे वळखू आले नाई ते."

"म्हणजे जे सांगायचं नाही ते," फौजदार म्हणाले. "मुलगा कुठं असतो तुझा?"

"बडनेऱ्याले. रुळावर."

फौजदारांनी शालिकरामकडे पाहिले. त्या नजरेत सगळा हिशोब झाला. रुळाशेजारी टेकडी, टेकडीवर दुर्बीण, घरात खुणेचे दाणे, मुलगा रेल्वेत. तूर म्हणजे मालगाडी, मूग म्हणजे पॅसेंजर, चिंचोका म्हणजे फौजेची गाडी. संशय घ्यायचाच म्हटला तर सगळे कसे अगदी नीट बसत होते. त्या वेळी मी त्यांच्या जागी असते तर मीही तसाच घेतला असता.

किसनरावांना त्यांनी बरोबर घेतले. गाडगी बैलगाडीत भरली. मी शालिकरामच्या काखेत होते. कुंपणापाशी नत्थुजी उभा होता. गावातली दहा-बारा माणसेही जमली होती. मनकर्णा सरळ त्याच्यासमोर गेली.

"पान्याच्या पाळीसाठी म्हाताऱ्या मानसाले ठान्यात धाडलं," ती म्हणाली. "आता घ्या सारी विहीर."

नत्थुजीने तिच्याकडे पाहिले. मग जमलेल्या लोकांकडे पाहिले. पाठ फिरवून आपल्या वाडीत गेला. गाडी वळणावर गेली तेव्हा मी शेवटचे पाहिले, तो दोन वाड्यांमधल्या वाटेवर बाभळीचे काटे आणून टाकत होता.

ठाण्यात मला टेबलावर ठेवले. किसनरावांना मागच्या खोलीत नेले. मग फौजदार आणि शालिकराम बोलत बसले, आणि मला खरे काय ते कळले.

"त्या नत्थुजीनं आपल्याले दोन घंटे घुमवलं साहेब," शालिकराम म्हणाला. "मी इचारलं, मेलगाडीच्या गार्डाले तीन दिवसांपासून टेकडीवर कायची चमक दिसते? तं तो म्हने, तिकडच्या अंगाले गारगोटीचे दगड हायेत, त्याच्यावर ऊन पडते. बोट दाखवून देल्लं. आपन त्या अंगानं चढलो तं तिथं काहीच नाई."

"त्यालाही आणायचा का?"

"म्हातारा हाये. शेजाऱ्यासाठी बोलला असन. राहू द्या."

ऐकलेत मित्रांनो? खबर देणारा नत्थुजी नव्हता. धावत्या गाडीतून गार्डाला जी चमक दिसली ती माझी होती. खंडेनवमीला घासून लख्ख झालेल्या माझ्या अंगाची. नत्थुजीने तर आम्हाला वाचवायला पोलिसांशी खोटे बोलून पाहिले होते. हे सगळे मला त्याच दिवशी कळले. पण कळून उपयोग काय? मला तोंड नाही.

मनकर्णा रोज भाकर घेऊन ठाण्यात येई. जायचे तीन कोस, यायचे तीन कोस. तिकडे सहदेवला कामावरून घरी बसवले होते. पाचव्या दिवशी ती भाकर देऊन परत गेली नाही. फौजदारांच्या दारात उभी राहिली.

"साहेब, तुमी एक डाव टेकडीवर या."

"कशाला?"

"मामाजी तुमच्यापाशी हायेत. दुर्बीन तुमच्यापाशी हाये. मी नुसती दाने टाकतो. हवालदार गाड्या लिहितीन. मंग जुळवून पाहा."

फौजदारांना ते पटले की त्यांना तिला पकडायचे होते, मला सांगता येणार नाही. पण ते आले.

पहिल्या दिवशी आभाळ भरून आले होते. अकरा गाड्या गेल्या. पक्षी एकही आला नाही. गाडगे रिकामे. मला वाटले, सुटलो. पण फौजदार म्हणाले, "आज तू मुद्दाम टाकले नाहीस."

दुसऱ्या दिवशी नऊ गाड्या आणि दोन भोवत्या. "माझ्यासमोर कशाला बरोबर टाकशील?" ते म्हणाले.

संशयाचे असेच असते. दाणा टाकला तरी तो पुरावा, न टाकला तरी तोच पुरावा. मनकर्णाने वाद घातला नाही. संध्याकाळी तिने फक्त एवढे म्हटले, "उद्याही या साहेब. वारा उत्तरेचा होऊन राहिला."

तिसऱ्या दिवशी आभाळ धुतल्यासारखे स्वच्छ होते. फौजदार मला डोळ्याला लावून रुळाकडेच पाहत होते. मनकर्णा म्हणाली, "वरतं पाहा." त्यांनी मला वर केले. आणि मित्रांनो, पुढच्या घटकेत माझ्यातून जे गेले ते मी जन्मभर विसरणार नाही. आधी एक भोवत्या, राखी रंगाची, पंखांची टोके काळी. मग तिच्यामागे तीन. मग एका वेळी सात. जवारीच्या कणसांना पोट लागेल की काय इतक्या खालून त्या आल्या आणि टेकडीच्या दोन्ही अंगांनी सांडल्यासारख्या निघून गेल्या. मग वरून एक ससाणा आला. फाटकाजवळून उडालेल्या पारव्यांच्या थव्यावर तो दगडासारखा पडला, आणि हवेत फक्त पिसे उरली.

फौजदार स्वतःशीच मोजत होते.

"अठ्ठावीस... एकोणतीस."

"तीस," मनकर्णा म्हणाली.

"एकोणतीस. मी पाहतोय ना."

"एक धुऱ्याच्या खालून गेली. तुमाले दिसली नाई."

"कुठं?"

"ते काय, पऱ्हाटीवरून चालली."

फौजदारांनी मला तिकडे वळवले. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, वावरावरून एक भोवत्या खरेच चालली होती. "तीस," ते म्हणाले. मग त्यांना काहीतरी आठवले. "शालिकराम, गाड्या किती झाल्या?"

शालिकराम तोंड उघडे टाकून आकाशाकडे पाहत होता. त्याच्या वहीत सकाळपासून एकही ओळ नव्हती. पण मघाशी दोन गाड्या खडखडत गेल्याचे मी स्वतः ऐकले होते.

फौजदारांनी मला डोळ्यावरून खाली घेतले. ते म्हणाले, "हे मोजून तुम्हाला मिळतं काय?"

"काहीच नाई मिळत," मनकर्णा म्हणाली. "पन मागच्या साली दोनशे आले आन औंदा शंभरच आले, तं हे कोनाले तरी ठावं असावं का नाई?"

दुसऱ्या दिवशी किसनराव सुटले. पुढे महिन्याभराने सहदेवलाही कामावर घेतले. पण मला आणि गाडग्यांना फौजदारांनी सोडले नाही.

"लढाई संपेपर्यंत हा माल इथंच राहील," ते म्हणाले. "पुन्हा तक्रार आली तर मला जाब द्यावा लागेल."

"तकरार कोनं केली साहेब?" मनकर्णाने विचारले.

"ते सांगता येत नाही."

मनकर्णाने मान हलवली. तिला विचारायचीही गरज नव्हती. तिच्या मनात नाव पक्के होते. मी टेबलावर पडून तिच्याकडे पाहत होते. सगळे माहीत असून काहीच न बोलता येणे म्हणजे काय, ते मी त्या दिवशी शिकले.

मग मालखाना. एका अंधाऱ्या खोलीत मोडकी सायकल, गंजलेल्या तलवारी, पकडलेली दारूची पिंपे आणि आम्ही. पहिल्या पावसाळ्यात माझ्या काचेच्या आत बुरशीची जाळी धरली. दुसऱ्या वर्षी माझे चामड्याचे आवरण उंदरांनी खाल्ले. आवरण संपल्यावर ते गाडग्यांकडे वळले. शेणामातीची झाकणे त्यांनी एकेक करून कुरतडली. तूर गेली, मूग गेले. तेवीस वर्षांत वऱ्हाडाच्या त्या तुकड्यावरून किती भोवत्या गेल्या, किती ससाणे गेले, हे सांगणारी एकच गोष्ट होती, आणि ती उंदरांच्या पोटात जात होती. मी शेजारी पडून ऐकत होते. शालिकराम कधीमधी आला तर मला बाहीने पुसून ठेवी. तेवढीच माया.

फौजदारांची बदली झाली. लढाई संपली. तरी मला कोणी आठवले नाही. शेचाळीस साली पाऊस उघडल्यावर शालिकरामनेच नव्या साहेबांपुढे कागद ठेवला आणि मनकर्णाला निरोप धाडला.

ती एकटीच आली. केस पांढरे होऊ लागले होते. सासरे बरोबर दिसले नाहीत, म्हणून शालिकरामने विचारले, "म्हातारेबुवा?"

"दोन साल झाले. सरावनात गेले."

"आन मोजनं?"

"नुसत्या डोयानं करतो. चार सालांपासून जवारीच जास्त पडते."

शालिकरामने तिच्यापुढे गाडगी आणून ठेवली. मनकर्णाने एक उचलले आणि उपडे केले. थोडा कोंडा पडला, उंदराच्या लेंड्या पडल्या, आणि एक चिंचोका. चिंचोके कठीण म्हणून तेवढे उरले होते. तिने दुसरे उपडे केले. मग तिसरे केले नाही.

"तेवीस सालं," ती म्हणाली.

शालिकराम खाली मान घालून उभा राहिला. मग काहीतरी चांगले बोलावे म्हणून म्हणाला, "नत्थुजी बरा हाये ना? भला मानूस. त्या दिवशी फाटकापाशी त्यानं आमाले गारगोट्या दाखवून भलतीकडं धाडलं. तुमच्यासाठी खोटं बोलला."

मनकर्णाचा माझ्याभोवतीचा हात घट्ट झाला. "तकरार त्यानं नोती केली?"

"त्यानं कायले? मेलच्या गार्डानं केली. या दुर्बीनीवर ऊन पडलं, ते त्याले गाडीतून दिसलं."

तीन कोसांच्या वाटेत मनकर्णा कुठे थांबली नाही. गावात शिरल्यावर घराकडेही वळली नाही. दोन वाड्यांच्या मधल्या काट्यांपाशी आली. बाभळीवर आता वेल चढले होते. मला काखेत धरून तिने काटे दोन्ही हातांनी बाजूला केले. माझ्या नळीवर तिच्या बोटाचे रक्त लागले.

नत्थुजी वांग्यांना पाणी देत होता. फार थकला होता. तिला पाहून त्याने दांडातली माती ओढणे थांबवले नाही.

"काहून आली?"

"तुमी फाटकापाशी पोलिसाले काय बोलले, ते आज समजलं."

"आज समजलं?"

"हो."

"मंग चार साल काय समजत होती?"

"तुमी आमचं नाव सांगतलं, असं." तिने पदर पुढे ओढला. "मी दुर्बीनीतून पाहिलं होतं. तुमी बोट दाखवत होते."

"बोट पाहिलं," नत्थुजी म्हणाला. "मंग इचारलं काहून नाई?"

पाणी दांडातून पुढच्या वाफ्यात शिरले. नत्थुजीने कुदळ खाली ठेवली.

"मले बी यायला पाहिजे होतं," तो म्हणाला. "साऱ्या गावापुढं बोलली तू. मले ताव आला. म्हटलं, आता आपन कायले सांगावं. किसनराव गेला तवा येनार होतो. काट्यापर्यंत आलो बी. मंग वापस गेलो."

"मामाजी कधीच तुमचं नाव घेत नोते. ते म्हनत, इचारून ये. मीच नाई आली."

नत्थुजीने पंच्याने डोळे पुसले की घाम, मला नीट दिसले नाही. माझ्या काचेत बुरशी होती.

"मंग," तो म्हणाला, "आता हे पक्षी कवा येतात?"

"दसऱ्यापासून."

"आवाज देजो."

दसऱ्यानंतर मनकर्णाने त्याला आवाज दिला. तो काठी टेकत टेकडी चढला. तिच्यापासून जरा अंतर ठेवून बसला. इतकी वर्षे शेजारी राहून त्याने मला कधी हातात घेतले नव्हते. त्याच्या बोटांचा संशय मी घेतला नाही. असे माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच झाले.

"हे कोन्या डोयानं पाहाचं?" त्याने विचारले.

"जो बरा असन त्यानं."

त्याने एक डोळा मिटला. उत्तरेकडून एक तपकिरी भोवत्या येत होती. बुरशीच्या जाळीतून का होईना, मी ती त्याच्यासमोर आणली. नत्थुजी दचकून मागे सरला.

"एवढी जवळ?"

"नाई," मनकर्णा म्हणाली. "ते तेवढीच लांब हाये. हे नुसती दाखवते."

मित्रांनो, माझ्यासारखी एखादी जुनी वस्तू तुमच्या घरी असेल तर तिला ओलीत टाकू नका, उंदरांच्या हवाली करू नका. मऊ फडक्याने पुसा, आणि उन्हात नेताना तिच्या अंगावर कापड गुंडाळा. पण माझी खरी विनंती वेगळी आहे. माझ्यातून पक्षी पाहा, डोंगर पाहा, चंद्र पाहा. माणूस दिसला, आणि त्याचे बोट तुमच्याकडे वळलेले दिसले, तर मला मिटून ठेवा. मग त्याच्या दारापर्यंत पायी जा, आणि त्याला विचारा.